‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील सामंत : दुय्यम भूमिकेच्या नाट्यसामर्थ्याचा विचार

प्रस्तावना

मराठी नाट्यसमीक्षेचा बराचसा भाग नायक-नायिकांच्या व्यक्तिरेखांनी व्यापलेला आहे. सुधाकर आणि सिंधू, अप्पासाहेब बेलवलकर आणि कावेरी, नाना फडणवीस आणि घाशीराम यांच्याविषयी विपुल लेखन झाले. ज्या पात्राच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आलेली असतात, त्याचा परामर्श मात्र ‘इतर पात्रे’ या उपशीर्षकाखाली एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. वर्गातील अध्यापनातही साधारणतः हाच क्रम असतो. दुय्यम पात्रावर परीक्षेत प्रश्न आलाच तर तो टिपेचा असतो, आणि टीप म्हणजे दहा-बारा ओळी, असे विद्यार्थी गृहीत धरतो.

प्रयोगाचा अनुभव याहून वेगळा आहे. नाटक पाहून घरी परतणारा प्रेक्षक पुष्कळदा एखाद्या लहानशा पात्राविषयी बोलत असतो. अशा वेळी नटाने ‘भूमिकेचे सोने केले’ असे आपल्याकडे म्हटले जाते. हे सोने नेमके कशाने होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. त्यासाठी विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील रघू सामंत या पात्राचा आधार घेतला असून, ग्रामीण महाविद्यालयीन रंगभूमीच्या संदर्भात या भूमिकेला कोणते महत्त्व प्राप्त होते, याचाही शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन प्रचलित उत्तरे

छोट्या भूमिकेविषयी दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले उत्तर सांत्वनाचे आहे. भूमिका लहान नसते, नट लहान असतो, अशा आशयाचे एक सुभाषित स्तानिस्लावस्कीच्या नावावर सांगितले जाते आणि भूमिकावाटपात नाराज झालेल्या कलावंताला ते हमखास ऐकविले जाते. यातील सद्भावना मान्य केली तरी त्यातून नटाला प्रत्यक्ष मार्गदर्शन काहीच मिळत नाही. शिवाय भूमिका लहान असते हे वास्तवही त्यात नाकारले जाते. बेणारेची भूमिका आणि सामंताची भूमिका यांत आकाराचा फरक आहे, आणि तो नाटककाराने जाणीवपूर्वक ठेवलेला आहे.

दुसरे उत्तर पराक्रमाचे आहे. मिळालेल्या पाच मिनिटांत ‘भाव खाऊन जाणे’, पदरची वाक्ये घालून हशा वसूल करणे, चालण्या-बोलण्याची एखादी लकब काढून प्रेक्षकांचे लक्ष स्वतःकडे ओढून घेणे, यालाच अनेकदा छोट्या भूमिकेचे यश मानले जाते. व्यावसायिक रंगभूमीवर याची उदाहरणे पुष्कळ सापडतात आणि प्रेक्षक त्यांना टाळ्याही देतात. परंतु अशा वेळी नट मोठा होतो आणि प्रसंग लहान होतो. ज्या क्षणी प्रेक्षकाने नायिकेच्या चेहऱ्याकडे पाहावयास हवे, त्या क्षणी तो कोपऱ्यातल्या नटाच्या करामतीकडे पाहत राहतो.

या दोन्ही उत्तरांत भूमिकेचे मोजमाप नटाच्या प्रतिष्ठेवरून केले जाते. त्याऐवजी एक साधी कसोटी वापरता येईल. हे पात्र नाटकातून काढून टाकले तर काय थांबेल? जे थांबेल, ते त्या भूमिकेचे खरे कार्य होय; आणि ते कार्य पूर्णांशाने पार पाडणे म्हणजे त्या भूमिकेचे सोने करणे होय.

परंपरेतील दाखले

ही कसोटी आपल्या नाट्यपरंपरेला परकी नाही. संस्कृत नाट्यशास्त्राने विष्कंभक आणि प्रवेशक या दोन योजना सांगितल्या आहेत. दोन अंकांच्या मधल्या काळात जे घडले ते गौण पात्रांच्या संभाषणातून कळविण्याची ही सोय आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या आरंभी येणारा धीवराचा प्रवेशक सर्वपरिचित आहे. माशाच्या पोटात सापडलेली राजमुद्रा विकू पाहणारा हा कोळी राजपुरुषांच्या तावडीत सापडतो, मार खातो आणि अखेर बक्षीस घेऊन जातो. त्यानंतर तो पुन्हा दिसत नाही. परंतु तो वगळला तर अंगठी दुष्यंतापर्यंत पोहोचणार नाही आणि दुष्यंताची स्मृतीही जागी होणार नाही. शापाने बंद केलेली कथा पुन्हा सुरू करणारे पात्र म्हणजे हा धीवर होय.

लोकरंगभूमीवर छोट्या भूमिकेचे आणखी एक कार्य दिसते. तुळजाभवानीच्या गोंधळात मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि संबळ, तुणतुणे यांची साथ करणाऱ्यांपैकी एक जण त्याला मधूनमधून अडवितो. पुढे काय झाले, असे कसे झाले, हे तो विचारीत राहतो. त्याला सर्व काही ठाऊक असते; तरी तो न कळल्याचे सोंग घेतो, कारण त्याच्या न कळण्यामुळेच नायकाला कथा उलगडून सांगावी लागते. तमाशातील गवळणीत मावशीचे कार्यही असेच आहे. ती कृष्णाला आडवेतिडवे प्रश्न विचारते म्हणून कृष्णाचे देवपण आणि खट्याळपण दोन्ही प्रकट होतात. थोडक्यात, विचारणारा, अडविणारा आणि ऐकणारा यांच्यावाचून सांगणारा उभा राहत नाही, हे लोकनाट्याने व्यवहारात जाणले होते. सामंताकडे वळताना ही परंपरा ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

नाटक आणि सामंताचे स्थान

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली १९६७ च्या डिसेंबरमध्ये रंगभूमीवर आणले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. पुढे १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपट केला. नाटकाच्या जन्माची हकिकत प्रसिद्ध आहे. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यास निघालेल्या काही हौशी मंडळींचे बोलणे तेंडुलकरांच्या कानावर पडले आणि त्यातून नाटकाची कल्पना आकाराला आली. या नाटकाचा उगमच एका ऐकणाऱ्यापाशी आहे, ही गोष्ट सामंताच्या संदर्भात अर्थपूर्ण वाटते.

कथानक थोडक्यात असे : मुंबईची एक हौशी नाट्यसंस्था एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास येते. अण्वस्त्रांच्या निर्मितीबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला चालविण्याचा तो कार्यक्रम आहे. मंडळींपैकी प्रा. दामले आलेले नाहीत आणि साक्षीदाराचे काम करणारा रावतेही आजारी आहे. त्यामुळे सभागृह दाखविण्यास आलेल्या सामंत या स्थानिक तरुणाला साक्षीदार म्हणून उभे करण्याचे ठरते. त्याने न्यायालय पाहिलेले नाही. त्याला कामकाज समजावे म्हणून एक खोटा खटला रचला जातो. बेणारेला आरोपी केले जाते. आणि भ्रूणहत्येच्या या ‘लुटुपुटीच्या’ आरोपातून तिचे खासगी आयुष्य उघडे पाडले जाते.

सामंताच्या भूमिकेची चार कार्ये

एक : अज्ञान. वरील कथासारावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बेणारेवरील खटला सामंतासाठी भरविला जातो. सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, काशीकर दांपत्य आणि रोकडे यांना न्यायालयाची तालीम नको आहे. त्यांनी हा प्रयोग पूर्वी केलेला आहे. तालमीची गरज केवळ नवख्या माणसाला आहे. सामंताला न्यायालय ठाऊक असते, किंवा रावते आजारी पडला नसता, तर ती संध्याकाळ जॉन्सनच्या खटल्याने सुरू होऊन तिथेच संपली असती. बेणारेविषयीचा आकस या मंडळींच्या मनात आधीपासून आहे, हे खरे; पण त्याला निमित्त पुरविले ते सामंताच्या न कळण्याने. गोंधळातील साथीदार न कळल्याचे सोंग घेतो. सामंताला खरोखरच कळत नाही. नाटकाची सारी यंत्रणा या एका खऱ्या अज्ञानावर फिरते.

दोन : श्रवण. पडदा उघडल्यानंतर रंगमंचावर प्रथम येतात ते सामंत आणि बेणारे. बाकीची मंडळी मागे राहिली आहेत. दाराच्या कडीत बेणारेचे बोट चेंगरले आहे आणि सामंत तिला त्या कडीची खोड समजावून सांगत आहे. पुढे ती त्याच्याशी मोकळेपणाने बोलू लागते. शाळेतली मुले, कामावरची निष्ठा, तिच्याविरुद्ध सुरू झालेली चौकशी आणि स्वतःचे आयुष्य स्वतःचेच असल्याचा तिचा ठाम दावा, हे सारे ती या अनोळखी माणसापुढे बोलते. सामंत मध्येच होकार देतो, संकोचतो, काही तरी सरळसोट उत्तर देतो. संहितेत त्याची वाक्ये अगदी तोकडी आहेत. परंतु बेणारेने आपणहून, कुणी विचारल्यावाचून आणि कुणी आरोप केल्यावाचून, स्वतःविषयी सांगितलेले एवढेच आहे. पुढील दोन अंकांत तिच्याविषयी इतरच बोलतात; शेवटचे प्रदीर्घ स्वगत तिला मिळते तेही कुणी न ऐकणाऱ्या न्यायालयात. म्हणजे संपूर्ण नाटकात बेणारेला मिळालेला खरा श्रोता एकच आहे. पहिल्या प्रवेशात सामंताने मन लावून ऐकले नाही, तर प्रेक्षकही ऐकत नाही, आणि पुढील क्रौर्य कशावर आघात करते हे त्याला उमगत नाही.

तीन : साक्ष. दुसऱ्या अंकात सामंत साक्षीदार म्हणून उभा राहतो. काय सांगावे हे त्याला सुचत नाही, म्हणून जवळच्या एका रहस्यकथेच्या पुस्तकातील प्रसंग तो बेणारे आणि दामले यांच्या नावे रंगवून सांगतो. त्याला हा खेळ वाटतो, आणि खेळ चांगला व्हावा अशी त्याची प्रामाणिक इच्छा आहे. पण त्याने बाजारी पुस्तकातून उचललेली कल्पित हकिकत बेणारेच्या प्रत्यक्ष जखमेवर जाऊन पडते. तिची प्रतिक्रिया पाहताच उपस्थितांना शिकारीचा माग लागतो. सांगितले ते सारे खोटे आहे, असे सामंत कबूल करतो. तरीही ते पुढे चालू ठेवले जाते. खेळ आणि सत्य यांच्यामधील भिंत पाडणारा घाव नाटकातील सर्वांत निष्पाप माणसाच्या हातून बसतो, ही तेंडुलकरांची योजना अत्यंत कठोर आहे. निरागसता ही निर्दोषतेची हमी नव्हे, असे येथे सुचविले जाते. सामंताला केवळ भाबडा, सहृदय खेडूत मानून मोकळे होणाऱ्या वाचनात ही बाजू सुटते.

चार : पोपट. नाटकाच्या आरंभी सामंताजवळ पुतण्यासाठी घेतलेला हिरव्या कापडी पोपट आहे. शेवटी खटला संपतो, बेणारेच्या गर्भाचा नाश करण्याचा निवाडा दिला जातो, आणि दारावर थाप पडताच मंडळी जणू काही घडलेच नाही अशा थाटात ठरलेल्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. बेणारे निश्चल पडून असते. सामंत घुटमळतो, पोपट उचलतो, तिच्याजवळ जाण्याचे धाडस न झाल्याने तो थोड्या अंतरावर तिच्यापुढे ठेवतो आणि निघून जातो. या वेळी त्याच्या तोंडी जवळजवळ काहीच नाही. लहान मुलासाठी आणलेली वस्तू, जिचे मूल नाकारले गेले आहे अशा स्त्रीपुढे ठेवली जाते. या कृतीत करुणा आहे आणि तिची अपुरेपणाची जाणीवही आहे. ती उशिरा आलेली आहे, दुरून केलेली आहे आणि कुणालाही न दिसेल अशी केलेली आहे. सामंताने खटला चालू असताना विरोध केला असता तर काय झाले असते, हा प्रश्न या मूक कृतीमुळेच प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो.

एक संभाव्य आक्षेप

सामंत हे केवळ नाटककाराचे साधन आहे, त्याला स्वतंत्र अंतर्विश्व नाही, असा आक्षेप घेता येईल. सुखात्मेचे वकिलीतील अपयश, पोंक्षेची अपुरी विद्या, काशीकरांची निपुत्रिकता यांसारखी पार्श्वभूमी सामंताला दिलेली नाही, हे मान्य करावे लागते. परंतु ही उणीव हेतुपूर्ण दिसते. इतर पात्रे आपापल्या अपयशाचा सूड बेणारेवर उगवितात. म्हणजे त्यांच्या क्रौर्याला कारण आहे. सामंताला असे कोणतेही कारण नाही. त्याच्या मनात सूड नाही, मत्सर नाही, आणि तरीही त्याची साक्ष वापरली जाते. व्यक्तिगत वैर नसलेला माणूसही सामूहिक क्रौर्यात कसा ओढला जातो, हे दाखविण्यास असेच रिकामे, स्वच्छ पात्र आवश्यक होते. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) याच नाटककाराने ब्राह्मणांची मानवी भिंत उभी केली आणि नावगाव नसलेल्या समूहाला क्रौर्याचा साक्षीदार व भागीदार केले. सामंत एकटा आहे, त्याला नाव आहे आणि लाजही आहे. पण प्रश्न त्याच जातीचा आहे.

अभिनयाच्या दृष्टीने

वरील चार कार्ये लक्षात घेतली तर ही भूमिका करणाऱ्या नटापुढील आव्हान स्पष्ट होते. त्याच्याकडे टाळ्यांचे वाक्य नाही. पहिल्या प्रवेशात त्याने ऐकावयाचे आहे. पुढे पान-सिगारेट आणून देण्यासारखी किरकोळ कामे करीत मंडळींत मिसळावयाचे आहे. साक्षीच्या वेळी हशा येईल, पण तो हशा आपल्या गबाळेपणाला मिळावा की खेळातल्या उत्साहाला, हे त्याने ठरवावयाचे आहे. गबाळेपणाला हशा मिळाला तर साक्ष विनोदी ठरते आणि तिच्यातील धोका नाहीसा होतो. उत्साहाला मिळाला, तर पुढच्याच क्षणी प्रेक्षकाला स्वतःच्या हसण्याची लाज वाटते. पोपट ठेवण्याच्या प्रसंगी अश्रू, उसासा वा रेंगाळलेली नजर यांची भर घातली, तर नाटक बेणारेचे न राहता सामंताचे होते. येथे भूमिकेचे सोने करणे म्हणजे काही भर न घालणे होय. पहिल्या अंकात पोपट प्रेक्षकांच्या नजरेत नीट भरेल अशी काळजी घेतली, तर शेवटच्या अंकात नटाला वेगळे काहीच करावे लागत नाही.

तामलवाडीच्या बाजूने पाहताना

हे नाटक मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीचे मानले जाते आणि त्याचे विवेचनही बहुतांशी महानगरी मध्यमवर्गाच्या ढोंगाचे नाटक म्हणून होते. नाटकाचे घटनास्थळ मात्र महानगर नाही. मुंबईची मंडळी ज्या गावी पाहुणी म्हणून येतात, त्या गावच्या सभागृहात ते घडते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील तामलवाडीसारख्या गावातून या नाटकाकडे पाहिले तर दृष्टिकोन बदलतो. सोलापूर-तुळजापूर मार्गावरील या गावावरून कोजागरीच्या सुमारास भवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्यांचे लोंढे जातात. बाहेरचा माणूस येणार, त्याला वाट दाखवावयाची, पाणी द्यावयाचे, ही गोष्ट अशा गावांना नवी नाही. सभागृहाची किल्ली घेऊन पुढे चालणारा, कडीची खोड समजावून सांगणारा, पाहुण्यांची लगबग मनापासून करणारा सामंत येथील वाचकाला ओळखीचा वाटतो. मुंबईचा प्रेक्षक सुखात्मे-काशीकरांत स्वतःला शोधतो. या परिसरातील प्रेक्षक सामंताच्या जागी उभा राहून विचारील, की शहरातून आलेल्या शिकल्यासवरल्या लोकांचा खेळ आपण इतक्या सहजपणे खरा का मानला?

ग्रामीण महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि युवक महोत्सवांतील एकांकिकांत खेडूत पात्र बहुधा हशासाठी ठेवलेले असते. मोठा आवाज, वेडीवाकडी चाल आणि बोलीचे विडंबन एवढ्यावर ते उभे असते. आणि ते काम बहुधा बोली सहजपणे बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडेच सोपविले जाते. स्वतःच्याच बोलण्याची टवाळी करून टाळ्या मिळविण्याचा हा सराव शैक्षणिक दृष्ट्या घातक आहे. सामंताची भूमिका या सवयीला पर्याय देते. येथे खेड्यातील तरुण हास्यास्पद नाही आणि आदर्शही नाही. तो भिडस्त आहे, मदतीस तत्पर आहे, आणि त्याच्या हातून अपराध घडतो. अशी भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याला लकबीपेक्षा ऐकण्याची आणि विचार करण्याची तयारी करावी लागते.

निष्कर्ष

१. छोट्या भूमिकेचे मूल्य तिच्या वाक्यसंख्येवरून किंवा नटाला मिळालेल्या टाळ्यांवरून ठरविता येत नाही. पात्र वगळल्यास नाटकातील कोणती क्रिया थांबते, ही कसोटी अधिक उपयुक्त ठरते.

२. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खटल्याचे निमित्त, बेणारेचे ऐच्छिक निवेदन, खेळाचे सत्यात होणारे रूपांतर आणि अखेरची मूक करुणा ही चारही कार्ये सामंताच्या आधारे घडतात.

३. सामंताची निरागसता आणि त्याचा अपराध ही दोन्ही अंगे एकत्र वाचली पाहिजेत. केवळ सहृदय खेडूत म्हणून त्याचे वर्णन करणे अपुरे आहे.

४. धीवराचा प्रवेशक, गोंधळातील साथीदार आणि गवळणीतील मावशी यांच्या परंपरेशी सामंताचे नाते जोडता येते. त्यामुळे आधुनिक मराठी नाटकातील दुय्यम पात्रांचा अभ्यास देशी नाट्यसंकेतांच्या प्रकाशात करण्यास वाव आहे.

५. नाटकाचे अध्यापन करताना दुय्यम पात्रावर केवळ टीप न लिहविता, त्या पात्राच्या स्थानावरून संपूर्ण नाटक वाचून घेतले, तर ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला संहितेत स्वतःची जागा सापडू शकते. भूमिकावाटपाच्या वेळीही ‘मोठे काम कुणाला’ याबरोबरच ‘प्रत्येक काम कशासाठी’ याची चर्चा दिग्दर्शक-प्राध्यापकाने तालमीच्या पहिल्याच दिवशी करणे आवश्यक आहे.